वायफाय जोडलेलं, पण साइट उघडत नाही: घरच्या नेटवर्कवरचा डीएनएसचा बिघाड कसा शोधायचा

वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतायत-जातायत, पण ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही. किंवा टीव्ही, मोबाइल सगळं नीट चालतंय आणि एकट्या लॅपटॉपवर ‘सर्व्हर सापडला नाही’ असं येतंय. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला हात राउटरच्या बटणाकडे जातो. बंद-चालू केल्यावर कधीकधी काम होतंही, पण नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि चार दिवसांनी तेच दुखणं परत येतं. अशा वेळी दोष बऱ्याचदा डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा असतो. तो बिघाड शोधायला दहा मिनिटं पुरतात. अट एकच: काहीही बदलण्याआधी विचारून बघायचं.

विचारायचं म्हणजे काय, ते समजायला साखळी डोळ्यांसमोर हवी. तुम्ही साइटचं नाव टाकता, पण जोडणी होते ती आकडी पत्त्याशी. तो पत्ता आधी ब्राउझर स्वतःच्या साठवणीत शोधतो. तिथे नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो. तिच्याकडे होस्ट्स फाइल (नावं आणि पत्ते लिहून ठेवलेली यादी) आणि स्वतःची कॅशे (साठवण) असते. तिथेही नसेल तर प्रश्न राउटरकडे जातो, राउटर तो पुढे इंटरनेट कंपनीच्या किंवा गूगल, क्लाउडफ्लेअरसारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे (पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरकडे) ढकलतो आणि तो रिझॉल्व्हर रूट सर्व्हरपासून खाली विचारत विचारत उत्तर आणतो. वाटेतला जवळपास प्रत्येक टप्पा मिळालेलं उत्तर ठरावीक काळ जपून ठेवतो. हा काळ साइटचा मालक ठरवतो. ३०० सेकंद, ३,६०० सेकंद, ८६,४०० सेकंद असे आकडे नेहमी दिसतात. व्हॉट्सअ‍ॅप का चालू राहतं याचं उत्तरही इथेच आहे. त्याची जोडणी आधीच झालेली असते, त्याला नव्याने पत्ता विचारावा लागत नाही.

खाली आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत करायच्या.

बिघाड डीएनएसचाच आहे ना?

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट, मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल उघडा आणि ‘पिंग ८.८.८.८’ चालवा. मग ‘पिंग १.१.१.१’. पिंग म्हणजे त्या पत्त्याकडून उत्तर येतं का ते बघणं. पहिला पत्ता गूगलच्या रिझॉल्व्हरचा, दुसरा क्लाउडफ्लेअरच्या. दोन्ही करून बघायचं कारण असं, की काही जुने राउटर १.१.१.१ हा पत्ता स्वतःच्या आतल्या कामासाठी वापरतात आणि तिथून येणारं उत्तर फसवं असू शकतं. दोन्हीकडून काहीच आलं नाही तर डीएनएस सोडा, नेटच बंद आहे. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल असेल तर प्रकाशाचा सिग्नलच येत नाही. तार कुठेतरी दुमडली किंवा तुटली आहे आणि ते काम लाइनमनचं. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही. तिथेही डीएनएसला दोष देऊ नका.

आकड्याला उत्तर येतंय म्हटल्यावर ‘पिंग विकिपीडिया.ऑर्ग’ करा. इथे पुढच्या चार ओळींत उत्तर येतं की नाही याला महत्त्व नाही, कारण पुष्कळ साइट पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. पहिली ओळ बघा. नावापुढे कंसात आकडी पत्ता उमटला, तर नावाचं काम झालं आहे आणि दुखणं दुसरीकडे आहे. ‘होस्ट सापडला नाही’ असं आलं, तर बिघाड डीएनएसचा आहे.

एकच प्रश्न, तीन ठिकाणी

आता खरं काम. त्यासाठी एनएसलुकअप ही आज्ञा लागते, ती नावाचा पत्ता सांगाल त्या सर्व्हरला विचारते. राउटरचा पत्ता विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ या आज्ञेत ‘डिफॉल्ट गेटवे’ ओळीत सापडेल. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या डब्यावर १९२.१६८.२९.१. तो कागदावर लिहून घ्या आणि तीन आज्ञा चालवा (दुसरीत तुमच्या राउटरचा पत्ता घालून):

एनएसलुकअप विकिपीडिया.ऑर्ग.
एनएसलुकअप विकिपीडिया.ऑर्ग. १९२.१६८.१.१
एनएसलुकअप विकिपीडिया.ऑर्ग. ८.८.८.८

नावाच्या शेवटचा टिंब चुकून पडलेला नाही. तो नसेल तर विंडोज कधीकधी नावाला घरच्या नेटवर्कचं शेपूट जोडून विचारतो आणि उत्तर गोंधळात टाकतं. टिंब दिला की नाव तिथेच संपतं.

पहिल्या आज्ञेचं उत्तर वरपासून वाचा. ‘सर्व्हर’ आणि ‘अ‍ॅड्रेस’ या पहिल्या दोन ओळी साइटबद्दल नसतात, तुमचा लॅपटॉप कोणाला विचारतो आहे ते त्या सांगतात. तिथे राउटरचा पत्ता अपेक्षित असताना भलताच आकडा दिसला तर अर्धा तपास तिथेच संपला. त्याखाली ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर’ असं येतं. या शब्दांनी पुष्कळ जण घाबरतात, पण त्याचा अर्थ एवढाच, की उत्तर साइटच्या मूळ सर्व्हरकडून थेट न येता मधल्या रिझॉल्व्हरकडून आलं. घरच्या नेटवर्कवर ते असंच यायला हवं.

तिन्ही उत्तरं बरोबर आली तर बिघाड त्या एका उपकरणात आहे. राउटरकडून आलं नाही पण ८.८.८.८ कडून आलं, तर राउटर किंवा त्याच्यामागचा कंपनीचा रिझॉल्व्हर अडला आहे. दोन्हीकडून आलं नाही, तर ५३ क्रमांकाच्या पोर्टवरची (डीएनएसचे प्रश्न ज्या दारातून जातात तिथली) रहदारी वाटेत कोणीतरी अडवतं आहे, किंवा ती साइटच मोडलेली आहे. शंका असेल तर दुसऱ्या दोन-तीन नावांनी पुन्हा विचारा.

उत्तर नाही म्हणजे कोणत्या प्रकारे नाही, हेही नीट पाहा. ‘एनएक्सडोमेन’ किंवा ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ म्हणजे सर्व्हर जागा आहे, त्याने शोधलं आणि असं नाव नाही असं ठामपणे सांगितलं. नावात चूक असते, किंवा जाहिराती अडवणाऱ्या रिझॉल्व्हरने ते नाव मुद्दाम गाळलेलं असतं. ‘सर्व्हफेल’ म्हणजे शोधायला गेला आणि मध्येच अडखळला. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे तो सर्व्हर तुमचं ऐकणार नाही. एका कंपनीचा रिझॉल्व्हर हाताने टाकून ठेवला आणि पुढे कनेक्शन दुसऱ्या कंपनीचं घेतलं, की बहुधा हेच होतं. आणि ‘टाइम्ड आउट’ म्हणजे प्रश्न गेला, परत काहीच आलं नाही. या चारांना चार वेगळे उपाय आहेत, म्हणून घाईने ‘डीएनएस गेलं’ म्हणू नका.

नाही हे उत्तरसुद्धा साठवलं जातं. नवं डोमेन घेतलं, नोंद करायच्या आधीच उत्सुकतेने उघडून बघितलं, तर ‘असं नाव नाही’ हे उत्तर काही काळ अडकून बसतं. नोंद केल्यावर शेजाऱ्याकडे साइट उघडते आणि तुमच्याकडे उघडत नाही, ते यामुळे.

एकाच उपकरणावर अडत असेल तर

एनएसलुकअप होस्ट्स फाइल बघत नाही आणि विंडोजची कॅशेही बघत नाही. तो सरळ सर्व्हरला विचारतो. त्यामुळे एनएसलुकअपला पत्ता मिळतो आणि पिंगला मिळत नाही, अशी स्थिती येते. लोक इथेच चक्रावतात, पण ही खूण मोलाची आहे: दोष त्या लॅपटॉपच्या आतच आहे.

आधी कॅशे पुसा. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’. लिनक्सवर सिस्टिमडीचा रिझॉल्व्हर असेल तर ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’. मॅकवर टर्मिनलमध्ये ‘सुडो किलऑल -एचयूपी एमडीएनएसरिस्पॉन्डर’. मॅकवाल्या आज्ञेत ‘एचयूपी’ मोठ्या अक्षरांत आणि शेवटच्या नावात ‘डीएनएस’ ही तीन अक्षरं आणि ‘रिस्पॉन्डर’चा पहिला आर मोठा लिहावा लागतो. क्रोमची साठवण वेगळी असते. पत्त्याच्या जागी ‘क्रोम://नेट-इंटर्नल्स/#डीएनएस’ टाकून तिथलं ‘क्लिअर होस्ट कॅशे’ बटण दाबा.

मग होस्ट्स फाइल. विंडोजवर ती सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरांच्या आत आहे. नोटपॅड ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडला नाही तर बदल जतन होत नाहीत. # ने सुरू होणाऱ्या ओळी निरुपद्रवी असतात. बँकेच्या किंवा एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या नावापुढे आकडे लिहिलेली ओळ दिसली आणि ती तुम्ही लिहिलेली नसेल, तर ती काढा आणि मशीनची व्हायरस तपासणी करा.

काढून टाकलेला व्हीपीएन किंवा अँटीव्हायरस मागे १२७.०.०.१ असा डीएनएस पत्ता सोडून जातो, हाही नेहमीचा प्रकार. तो पत्ता म्हणजे लॅपटॉप स्वतः. तो स्वतःलाच विचारत बसतो आणि उत्तर देणारं तिथे कोणी उरलेलं नसतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज इथे ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’ ऑटोमॅटिकवर आणा. लिनक्सवर १२७.०.०.५३ दिसला तर मात्र हात लावू नका. तो सिस्टिमडीचा स्वतःचा पत्ता आहे, पुढे कोणाला विचारलं जातंय ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ सांगेल.

ब्राउझरमधलं ‘सिक्युअर डीएनएस’ हे आणखी एक आडवळण. क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये कोणी खास रिझॉल्व्हर निवडून ठेवला असेल तर ब्राउझर राउटरला विचारतच नाही, ४४३ पोर्टवरून थेट बाहेर जातो. मग राउटरवर कितीही दुरुस्ती करा, ब्राउझरला फरक पडत नाही. तपासताना हे बंद ठेवा.

मोबाइलवर सगळ्यात जास्त त्रास ‘खाजगी डीएनएस’ देतं. अँड्रॉइड ९ पासून ते नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आहे. जाहिराती घालवण्यासाठी कोणीतरी सांगितलेलं नाव तिथे टाकलं जातं, पुढे ती सेवा नाव बदलते किंवा बंद होते आणि ‘खाजगी डीएनएस सर्व्हर अ‍ॅक्सेस करता येत नाही’ असं येतं. नाव हाताने टाकलेलं असेल तर अँड्रॉइड साध्या डीएनएसवर उतरत नाही, म्हणून वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही एकदम मेल्यासारखे वाटतात. दोन्हीकडे एकाच वेळी बंद पडलं की आधी हे बघा. कॉलेजच्या, हॉटेलच्या वायफायवर खाजगी डीएनएसचं ८५३ पोर्ट बंद असलं तरी हाच परिणाम होतो. ‘ऑटोमॅटिक’ हा पर्याय घरासाठी पुरेसा आहे. आणि त्या जागी आकडे चालत नाहीत, नावच लागतं: ‘डीएनएस.गूगल’ किंवा ‘वन.वन.वन.वन’.

दोष राउटरकडे असेल तर

स्वस्त राउटरमध्ये प्रश्न पुढे ढकलण्याचं काम एक छोटा प्रोग्राम करतो. पुष्कळ राउटरांत तो डीएनएसमास्क असतो. त्याची मूळ मर्यादा एका वेळी १५० प्रलंबित प्रश्नांची आहे. कंपनीचा रिझॉल्व्हर मंदावला की प्रश्न अडकून पडतात, स्मार्ट टीव्ही आणि कॅमेरे पुन्हा पुन्हा विचारत राहतात, मर्यादा भरते आणि राउटर नवे प्रश्न घेईनासा होतो. बंद-चालू केल्यावर जे बरं वाटतं ते रांग रिकामी झाल्यामुळे. मूळ रिझॉल्व्हर तसाच राहिला तर रांग पुन्हा भरणार. म्हणून राउटरच्या सेटिंगमधल्या वॅनच्या (बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूच्या) पानावर डीएनएस हाताने टाका: पहिला ८.८.८.८, दुसरा १.१.१.१. दोन वेगळ्या सेवांचे पत्ते ठेवले तर एक बंद पडली तरी दुसरी असते.

राउटरमध्ये डीएनएसच्या जागा दोन असतात आणि त्यांची गल्लत फार होते. वॅनच्या पानावरचा पत्ता म्हणजे राउटर स्वतः कोणाला विचारणार. लॅनच्या (घरातल्या बाजूच्या) किंवा डीएचसीपीच्या (उपकरणांना पत्ते वाटण्याच्या) पानावरचा म्हणजे घरातल्या उपकरणांनी कोणाला विचारायचं. लॅनचा बदलला तर उपकरणांना तो लगेच कळत नाही, जुना पत्ता मुदत संपेपर्यंत चालू राहतो. वायफाय तोडून पुन्हा जोडा, किंवा ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ करा.

सगळं बरोबर टाकूनही एनएसलुकअपच्या पहिल्या ओळीत जुनाच सर्व्हर दिसतो का? मग आयपीव्ही६ (नव्या प्रकारचे लांब पत्ते) तपासा. राउटर आयपीव्ही६ मधून स्वतंत्रपणे डीएनएसचा पत्ता वाटतो आणि बहुतेक वेळा उपकरणं आधी त्यालाच विचारतात. ‘एफई८०’ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर तो राउटरचाच आहे. आयपीव्ही६ च्या पानावर गूगलचा २००१:४८६०:४८६०::८८८८ किंवा क्लाउडफ्लेअरचा २६०६:४७००:४७००::११११ टाका. कंपनीने दिलेल्या डब्यात ही पानं पुष्कळदा कुलूपबंद असतात. मग बदल प्रत्येक उपकरणावर करावा लागतो, किंवा मागे स्वतःचा राउटर लावून त्यावर.

पण स्वतःचा दुसरा राउटर म्हटलं की दुसरी अडचण आलीच. कंपनीचा डबा १९२.१६८.१.१ आणि तुमचा राउटरही १९२.१६८.१.१ असेल तर मधल्या राउटरला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात आणि प्रश्न बाहेर पडत नाहीत. तुमच्या राउटरचा लॅनचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा. तार चुकून वॅनऐवजी लॅनच्या भोकात बसली असेल तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. काही उपकरणांना एक पत्ता देतो, काहींना दुसरा, आणि ‘हॉलमध्ये चालतं, बेडरूममध्ये नाही’ अशी तक्रार सुरू होते. दोन लॅपटॉपवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ मधली ‘डीएचसीपी सर्व्हर’ ही ओळ शेजारी शेजारी ठेवून बघा. आकडे वेगळे असतील तर चोर सापडला. दुसरा राउटर फक्त वायफाय पसरवण्यासाठी असेल तर त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवा.

वीज जाऊन आल्यावरच जर नावं सापडेनाशी होत असतील आणि उत्तर ‘सर्व्हफेल’ असेल, तर राउटरचं घड्याळ बघा. बहुतेक घरगुती राउटरांत घड्याळाला बॅटरी नसते, वीज गेली की तारीख मागे जाते. राउटरवर डीएनएसएसईसीची (उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची) पडताळणी चालू असेल तर त्या जुन्या तारखेला आजच्या सह्या खोट्या ठरतात आणि सगळी नावं नाकारली जातात. वेळ दुरुस्त करायची तर वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधावं लागतं आणि नाव तर सापडत नाही. असा हा फास आहे. राउटरवर डीएनएस ओव्हर टीएलएस (बंद पाकिटातून जाणारं डीएनएस) चालू असेल तरी प्रमाणपत्राच्या तारखेवरून हाच फास बसतो. वेळेचा सर्व्हर नावाऐवजी आकड्याने टाका, गूगलचा २१६.२३९.३५.४ चालतो. किंवा राउटरवरची पडताळणी बंद करा. ८.८.८.८, १.१.१.१ आणि ९.९.९.९ हे तिन्ही सार्वजनिक रिझॉल्व्हर ती स्वतः करतातच.

मध्येच कोणी उत्तर देतंय का?

हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. १९२.०.२.१ हा पत्ता पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, त्यावर कोणताही सर्व्हर नसतो. ‘एनएसलुकअप विकिपीडिया.ऑर्ग. १९२.०.२.१’ चालवा. ‘टाइमआउट वॉज २ सेकंड्स’ असं आलं तर छान, तसंच यायला हवं. पत्ता आला, तर तुमचे ५३ पोर्टवरचे प्रश्न राउटर किंवा कंपनी वाटेत पकडून स्वतःच उत्तरं देते आहे आणि तुम्ही ८.८.८.८ टाकलं काय किंवा नाही टाकलं काय, सारखंच. अशा वेळी ब्राउझरचं सिक्युअर डीएनएस किंवा मोबाइलचं खाजगी डीएनएस उपयोगी पडतं, कारण ते बंद पाकिटातून जातं. सरकारी किंवा न्यायालयाच्या आदेशाने बंद केलेल्या साइटबद्दल कंपनीचा रिझॉल्व्हर मुद्दाम वेगळं उत्तर देतो. तो बिघाड नव्हे.

राउटरच्या वॅनमध्ये तुम्ही न टाकलेला आणि कंपनीचाही नसलेला पत्ता दिसला, तर ते गंभीर आहे. ‘डीएनएसचेंजर’ या घातक प्रोग्रामने हेच केलं होतं. सुमारे ४० लाख संगणक त्याने स्वतःच्या सर्व्हरकडे वळवले. अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये त्यामागची टोळी पकडली, पण लागण झालेल्या मशीनचं नेट एका फटक्यात बंद पडू नये म्हणून त्या जागी चांगले सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. असं काही आढळलं तर राउटर फॅक्टरी रीसेट करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर ताजं करा आणि बाहेरून राउटर उघडण्याची सोय बंद ठेवा. रीसेट करण्याआधी कनेक्शनचं पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करायचं) नाव आणि पासवर्ड हाताशी ठेवा, नाहीतर राउटर स्वच्छ होईल आणि नेट लागणार नाही.

कधी लागतं, कधी नाही

पहिल्यांदा ‘सापडलं नाही’ येतं आणि रिफ्रेश केलं की उघडतं, हे पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) वाटेत गळण्याचं लक्षण आहे. विंडोजवर ‘पिंग -एन ५० ८.८.८.८’ चालवून शेवटची ‘लॉस्ट’ ही संख्या बघा. पन्नासात दोन-चार गळत असतील तर वायफाय की तार हे ठरवायला लॅपटॉप केबलने राउटरला जोडून पुन्हा मोजा. केबलने गळती थांबली तर दोष वायफायचा, नाहीतर लाइनचा. लिनक्सवर प्रत्येक साइट उघडायला बरोबर पाच सेकंद लागत असतील तर पहिला डीएनएस मेलेला आहे. लिनक्स डीफॉल्टने पाच सेकंद वाट बघून मगच दुसऱ्याला विचारतो.

दुसऱ्या पत्त्याबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. पहिल्याने ‘असं नाव नाही’ म्हटलं तर दुसऱ्याला विचारलं जात नाही. पहिला गप्प राहिला तरच दुसऱ्याची पाळी येते, आणि काही उपकरणं तर दोघांना मनाला येईल तसं विचारतात. म्हणून पाय-होल (घरातला जाहिराती अडवणारा डीएनएस सर्व्हर) लावून दुसरा पत्ता ८.८.८.८ ठेवला की जाहिराती अधूनमधून परत येतात.

सार्वजनिक रिझॉल्व्हर प्रत्येक वेळी जलद असतोच असंही नाही. मोठ्या साइट तुम्हाला जवळचा सर्व्हर देताना प्रश्न कुठून आला ते बघतात. तुम्ही साधारण कुठे आहात याचा अंदाज गूगल पुढे कळवतं, क्लाउडफ्लेअर कळवत नाही. १.१.१.१ टाकल्यावर व्हिडिओ अडखळायला लागले तर ८.८.८.८ किंवा कंपनीचा मूळ रिझॉल्व्हर लावून फरक बघा.

कंपनीकडे तक्रार करायची वेळ आली तर ‘नेट चालत नाही’ एवढ्यावर थांबू नका. नोंदवलेलं सांगा: ८.८.८.८ ला पिंग जातं, त्यात इतकी पाकिटं गळतात, तुमच्या रिझॉल्व्हरचा पत्ता हा, त्याने अमुक नावाला ‘सर्व्हफेल’ दिलं, त्याच मिनिटाला ८.८.८.८ ने पत्ता दिला, वेळ रात्री ९.४०. तिन्ही एनएसलुकअपचा स्क्रीनशॉट सोबत जोडा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.